मनाच्या दवाखान्याची पायरी

२०१६ साली गौरी शिंदे यांचा ‘डिअर जिंदगी’ हा हिंदी चित्रपट आला. त्यातील कायरा ही छायाचित्रण करणारी तरुणी. वरवर सारे ठीक. पण रात्री झोप नाही, आणि कोणी जवळ आले की तीच आधी नाते तोडून मोकळी होते. गोव्यात डॉ. जहांगीर खान यांच्याशी बोलता बोलता, लहानपणी आई-वडिलांनी आपल्याला आजी-आजोबांकडे ठेवले होते, ती जखम तिला सापडते.

आमच्या वर्गात या चित्रपटाविषयी दोन मते आहेत. काहींना तो फार आवडतो. काही म्हणतात, “हे श्रीमंतांचे चोचले! समुद्रकाठी फिरत दुःख सांगायला आपल्याला कुठला वेळ?” माझ्या मते दोन्ही मते अपुरी आहेत. या चित्रपटाने एक गोष्ट निश्चित केली. वेड न लागलेले माणूसही मनाच्या डॉक्टरकडे जाऊ शकते, हे त्याने घराघरांत सांगितले. परंतु त्या दवाखान्याची पायरी आपल्यासारख्यांनी कशी चढावी, हे मात्र सांगितले नाही.

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. दुसऱ्याच्या उसात भांगलणीला जाणाऱ्या आईला “कशात जीव लागत नाही” असे सांगितले, तर ती म्हणणार, “खायाला-प्यायला हाय, मग तुला दुःख कसलं गं?” यात तिचा दोष नाही. तिच्या दुःखाची तरी विचारपूस कोणी केली? पण घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या मुलावर साऱ्या घराची आशा असते, आणि ज्यांच्यासाठी ते ओझे वाहायचे त्यांनाच ते जड झाले असे सांगता येत नाही. हा चोचला नव्हे.

“आपल्या वाडवडिलांना कुठे डॉक्टर लागले?” असेही विचारले जाते. मग अमक्याने धसका घेतला, तमकी झुरून गेली, हे गावोगावी कशाबद्दल बोलतात? धसका, घोर, झुरणे हे शब्द आपल्या आज्यांचेच आहेत. दुखणे जुनेच आहे. नवे आहेत ते उपचार.

म्हणून मला सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ अधिक जवळचा वाटतो. २०१६ च्या चित्रपटांसाठीच्या ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सुवर्णकमळ मिळाले. निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. जीव द्यायला निघालेल्या मानवला जानकी कोकणातल्या घरी आणते. ती स्वतः याच दुखण्यातून गेलेली. कोणी त्याला खोदून विचारत नाही, उपदेश करीत नाही. त्याला निवारा मिळतो, जेवण मिळते आणि गप्प राहण्याची मुभा मिळते. औषधोपचाराला हा पर्याय नव्हे. पण एवढे तर आपण वसतिगृहाच्या खोलीतही एकमेकांसाठी करू शकतो!

आणि उपचारही आता केवळ पैसेवाल्यांचे राहिलेले नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून असे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. २०२२ पासून ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते. पायरी आता पैशाची कमी आणि लाजेची जास्त आहे.

मित्रहो, ती लाज आपणच मोडली पाहिजे. गुरुजनांनाही एक विनंती आहे. आठवड्यातून एक दिवस समुपदेशक महाविद्यालयात बसावा, आणि त्या खोलीत जाणाऱ्याचे नाव कोणत्याही नोंदवहीत किंवा फलकावर येऊ नये. हजेरीच्या वेळी ‘यस सर’ म्हणणारा प्रत्येक जण मनानेही वर्गात असतोच असे नाही. कधी तरी तास संपल्यावर एखाद्याला थांबवून “बरा आहेस ना?” एवढे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.