परतीचा टप्पा

मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी राहावयास जाणारे अनेक ज्येष्ठ निघण्यापूर्वी दवाखान्यात येतात. तीन महिन्यांच्या गोळ्या, विम्याचे कागद, विमानात पाय सुजू नयेत म्हणून काय करावे, हे सारे विचारून होते. एक प्रश्न मात्र बहुधा राहून जातो: तेथे चालायचे कोठे, आणि किती?

गेल्या वर्षी बाहत्तर वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. गावात त्यांना सारे ‘बाई’च म्हणतात. मुलगी सिंगापूरला असते आणि बाई दुसऱ्यांदा तिच्याकडे निघाल्या होत्या. पण चेहऱ्यावर उत्साह नव्हता. मी कारण विचारले. “डॉक्टर, मागच्या खेपेला पहिल्याच आठवड्यात एक सायकल मला घासून गेली. पडले नाही, पण नंतर एकटीने पाऊल बाहेर टाकले नाही. तीन महिने सोफ्यावर काढले.” परत आल्यावर त्यांना खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागला होता. पडण्याची भीती माणसाला घरात बसवते, बसून पाय दुबळे होतात आणि दुबळ्या पायांमुळे पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. हे चक्र मी अनेक घरांत पाहिले आहे.

बाईंच्या मुलीचे घर बिशान भागात आहे. सिंगापूरने १९९०च्या दशकापासून एक मोठे काम केले आहे: शहरातील उद्याने एकमेकांना पायवाटांनी जोडली आहेत. या जाळ्याला ‘पार्क कनेक्टर नेटवर्क’ म्हणतात. जागेची टंचाई असल्याने नाले व कालवे यांच्या काठांवरील राखीव पट्ट्यांचा त्यासाठी मोठा उपयोग करण्यात आला. आज या वाटांची लांबी ३०० किलोमीटरहून अधिक आहे. पूर्वेकडील एक वळसाच सुमारे ४२ किलोमीटरचा असून तो ईस्ट कोस्ट पार्क, चांगी बीच पार्क, पासिर रिस पार्क अशी ठिकाणे जोडतो. बिशानच्या उद्यानालगत पूर्वी कलांग नदीचे पाणी सिमेंटच्या सरळ कालव्यातून वाहत असे. २०१२ साली ते उद्यान नव्याने खुले झाले, तेव्हा तेथे वळणे घेत वाहणारी, हिरव्या काठांची नदी होती.

अशा वाटेवर वृद्धांनी चालावेच, असे माझे मत आहे. परंतु आपल्याकडील बागेतील फेरी आणि ही वाट यांत एक मूलभूत फरक आहे. बागेत आपण गोल फिरतो. कोठेही थकलो तरी फाटक जवळच असते. उद्यान जोडणारी वाट आपल्याला घरापासून दूर नेते. पुढे टाकलेले प्रत्येक पाऊल परत येताना पुन्हा टाकावे लागते. म्हणून किती दूर जाणार, हे ठरवू नका. परतायचे कोठून, हे आधी ठरवा.

त्याचा हिशेब सोपा आहे. घराजवळ, सपाट रस्त्यावर, न थांबता आपण आरामात किती मिनिटे चालू शकता ते तीन दिवस पाहा. समजा, ती वीस मिनिटे आहेत. मग नव्या वाटेवर आठव्या मिनिटाला मागे फिरा. उरलेली चार मिनिटे ऊन, चढ किंवा चुकलेले वळण यांसाठी शिल्लक असू द्या. त्रास न झाल्यास दर आठवड्याला परतीचा टप्पा मिनिट-दोन मिनिटांनी पुढे न्या. थकवा जाणवू लागल्यावर परतणे म्हणजे उशिरा परतणे होय. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग पुरे. आठवड्याला एकूण १५० मिनिटांपर्यंत हळूहळू पोचावे. त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर क्षणभर उभे राहणे असे तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत.

आता सायकलींविषयी. या वाटा सामायिक असतात. तेथे सायकलींना ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे, म्हणजे दोन सेकंदांत सायकल सुमारे चौदा मीटर पुढे येते. तेवढ्या वेळात वृद्ध माणूस जेमतेम दोन पावले सरकतो. म्हणून चपळाईवर भरवसा ठेवू नये, सरळ चालण्यावर ठेवावा. डावी कड धरा. मागून घंटी वाजली तर उडी मारू नका, वळू नका. आहात त्याच रेषेत चालत राहा, सायकलस्वार उजवीकडून निघून जाईल. थांबायचे असल्यास आधी वाटेच्या कडेला या. कानात गाणी नकोत.

बाईंना मी त्या दिवशी नेमके काय घडले ते पुन्हा सांगावयास लावले. घंटी त्यांना ऐकू आली होती, पण ती डावीकडून आली असे वाटून त्या उजवीकडे सरकल्या, म्हणजे थेट सायकलीसमोर. मी कान तपासले. उजवा कान मळाने पूर्ण बुजलेला होता. एकाच कानाने ऐकू येत असेल, तर आवाजाची दिशा कळत नाही. मळ काढला, नंतर श्रवणचाचणी करवून घेतली. ज्या भीतीने तीन महिने गिळले, तिच्या मुळाशी एवढीशी गोष्ट होती. आपल्या घरातील वृद्ध बाहेर जावयास नाही म्हणत असतील, तर त्याला हट्ट किंवा आळस म्हणण्यापूर्वी कान, डोळे, पाय आणि लघवीची घाई, या चार गोष्टींची चौकशी करा. दुहेरी भिंगांच्या चष्म्यातून खाली पाहताना जमीन धूसर दिसते. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेणारे पुष्कळ जण लाजेपोटी फिरणेच टाळतात. गोळी मनाने बंद करू नये. वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

सोबत जाणाऱ्यांनी पहिले काही दिवस वृद्धांच्या उजव्या बाजूला, अर्धे पाऊल मागे चालावे. त्यांचा हात धरून ओढू नये. आपला कोपर त्यांना धरू द्यावा. सिंगापूर विषुववृत्तालगत असल्याने तेथे वर्षभर सूर्य सातच्या सुमारास उगवतो. आपल्या सवयीने साडेपाचला निघालात, तर अंधारात चालावे लागेल. दुपारी ढगांचा गडगडाट ऐकू येताच झाडाखाली न थांबता पक्क्या छपराखाली जावे.

खिशात घराचा पत्ता, औषधांची यादी आणि पाणी असावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी साखरही बाळगावी. छातीत दडपण, दम कोंडणे, भोवळ किंवा घाम फुटणे यांपैकी काहीही झाल्यास चालणे तत्काळ थांबवून मदत मागा. रुग्णवाहिकेसाठी तेथे ९९५, आपल्याकडे १०८. चालताना पोटरी दुखून थांबताच बरे वाटत असेल, तर ते वयावर ढकलू नका. पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्या.

बाई परतल्या, त्याला आता चार महिने झाले. पहिल्या आठवड्यात त्यांचा परतीचा टप्पा नदीकाठचे एक बाक होते, घरापासून सात मिनिटांवर. निघण्याच्या सुमारास त्या वीस मिनिटे पुढे जाऊन परतत होत्या. परवा तपासणीला आल्या, तेव्हा खुर्चीच्या हातांना न धरता उठल्या. आमच्या गावात तशी वाट नाही. त्या आता शाळेच्या मैदानाला फेऱ्या घालतात आणि दर रविवारी बाजारपेठेतील देवळापर्यंत चालत जातात. परतीचा टप्पा अर्थातच आधी ठरलेला असतो.