पुसट रेघेचा अर्थ

परवा रक्तदाब तपासून घ्यायला आलेल्या सत्तरीच्या एका आजींचा रक्तदाब नेहमीपेक्षा बराच चढलेला आढळला. कारण विचारले, तेव्हा त्यांनी पिशवीतून आपल्या कुत्र्याचा अहवाल काढला. ‘हृदयकृमी चाचणी : संदिग्ध.’ चाचणीच्या पट्टीवर पुसटशी रेघ उमटली होती आणि शेजारी म्हणत होते, “कुत्रा देऊन टाका, तुम्हालाही लागण होईल.”

मी माणसांचा डॉक्टर. कुत्र्याचा उपचार पशुवैद्यानेच करावा. मात्र संदिग्ध अहवाल म्हणजे निदान नव्हे, हा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे.

हृदयकृमी डासांमार्फत पसरतो. चावलेल्या डासातून शिरलेली अळी वाढत वाढत हृदयाच्या उजव्या भागात आणि फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत पोहोचते. तिला पूर्ण वाढ होऊन प्रजनन करण्यास सुमारे 6 ते 7 महिने लागतात. नेहमीची चाचणी प्रामुख्याने प्रौढ मादी कृमीचे प्रथिन शोधते. म्हणून लागण नवी असेल, कृमी थोडे असतील किंवा सगळे नर असतील, तर रेघ पुसट येते अथवा येतच नाही. कधी चाचणीतील त्रुटीमुळे लागण नसतानाही रेघ दिसते.

आणखी एक घोटाळा संभवतो. रक्तात सूक्ष्म अळ्या दिसल्या, तरी त्या हृदयकृमीच्याच असतात असे नाही. त्वचेखाली राहणारा त्याचा एक भाऊबंद आपल्या देशातही आढळतो. म्हणून अळ्यांची जात ओळखणे आवश्यक ठरते.

मग करावे काय? रक्ताचा नवा नमुना द्यावा. त्यात सूक्ष्म अळ्या पाहाव्यात आणि शक्य तर वेगळ्या पद्धतीच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या चाचणीने पडताळा घ्यावा. गरजेनुसार पशुवैद्य छातीचा एक्स-रे वा हृदयाची सोनोग्राफी सुचवतील. पडताळा नकारात्मक आला तरी सुमारे 6 महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी. तोवर कुत्र्याची दमछाक होऊ देऊ नये.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. घरातल्या जंताच्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत. रक्तात अळ्या पुष्कळ असतील, तर त्या एकाएकी मरून कुत्र्याला गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. प्रौढ कृमी मारणारे उपचारही जोखमीचे असतात. ते खात्रीशिवाय सुरू करू नयेत. याउलट खोकला, लवकर धाप लागणे, भोवळ येऊन पडणे, पोट फुगणे किंवा लघवी गडद होणे, यांपैकी काही दिसल्यास थांबू नये. त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

राहिली आजींची भीती. कुत्र्याला कुरवाळल्याने, त्याच्या चाटण्याने किंवा त्याचे भांडे धुतल्याने हा कृमी माणसाला लागत नाही. डासामार्फत क्वचित माणसाच्या शरीरात अळी शिरते; त्वचेखाली, डोळ्यात वा फुफ्फुसात गाठ आढळते. तेव्हा घालवायचा तो डास, कुत्रा नव्हे. साचलेले पाणी काढावे, खिडक्यांना जाळी लावावी, प्रतिबंधक औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित द्यावे.

आजींना मी रक्तदाबाची गोळी वाढवून दिली नाही. पडताळ्याची चाचणी कोणती, एवढे कागदावर लिहून दिले. थोडा वेळ बसवून पुन्हा रक्तदाब मोजला, तेव्हा तो बराच उतरला होता.