सोडून आलो, म्हणजे नेमकं काय केलं?

दृश्य ओळखीचं आहे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मांजरीने पिल्लं घातलेली. पिल्लांचे डोळे उघडले, ती धडपडत चालायला लागली, तोवर सगळ्यांनी कौतुक केलं. तुम्ही स्टेटसला फोटोही ठेवलात. महिना-दीड महिना गेला आणि तीच पिल्लं दुधात तोंड घालायला लागली, अंथरुणात घाण करायला लागली. मग एका संध्याकाळी घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘‘अरे, जरा गाडी काढ. ही पिल्लं कुठंतरी लांब सोडून ये.’’

खताची एक रिकामी गोणी येते. पिल्लं आत जातात. तुम्ही बाइक काढता. मनमाडच्या बाहेर पडलं की येवला रस्ता आहे, मालेगाव रस्ता आहे, नांदगाव रस्ता आहे. कुठंतरी एखाद्या मळ्याचं कुंपण दिसतं, लांबवर वस्तीवरचा दिवा. ‘शेतावर राहतील, उंदीर मारतील, मजेत जगतील’ असं स्वतःला सांगायचं, गोणीचं तोंड मोकळं करायचं आणि मागे न बघता परत फिरायचं. घरी एकच प्रश्न असतो, ‘‘सोडलं का?’’ आणि एकच उत्तर, ‘‘हो, सोडून आलो.’’

आज या ‘सोडून आलो’बद्दलच बोलायचं आहे. कारण हे काम घरात आजोबांना कुणी सांगत नाही. ते तुम्हालाच सांगितलं जातं. गाडी तुमच्याकडे असते, आणि नाही म्हणायची सवय अजून लागलेली नसते.

आपल्याकडे मांजर मारत नाहीत. मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं, हे आजीने प्रत्येकाला कधी ना कधी ऐकवलेलं असतं. धाक चांगलाच होता. पण त्यातून आपण एक पळवाट काढली. मारायचं नाही, फक्त सोडून यायचं. म्हणजे हातही स्वच्छ, पापही नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात ना? इथे डोळे आपण मिटलेले असतात.

त्या गोणीतून बाहेर पडल्यावर पुढे काय होतं? दीड महिन्याचं पिल्लू स्वतःची शिकार करू शकत नाही. शिकार ते आईकडून शिकतं, आणि आई तर तुमच्या शेडमध्ये त्याला हाका मारत फिरत असते. नवी जागा, वस्तीवरची कुत्री, रस्त्यावरच्या गाड्या, उन्हाळा असेल तर पाण्याचा थेंब नाही. बरीच पिल्लं काही दिवसांतच संपतात. तुम्ही ती मरताना बघत नाही, एवढाच काय तो फरक.

आणि जी जगतात? ती त्या मळ्यातल्या माणसांची होतात. त्यांना न विचारता.

आता जरा मळ्याच्या बाजूने बघा. या भागातल्या शेतकऱ्याला मांजर नको असतं असं अजिबात नाही. कांदाचाळ आहे, धान्याच्या कोठ्या आहेत, गोठ्यात पेंड आहे. जिथे धान्य तिथे उंदीर आणि जिथे उंदीर तिथे मांजर. हे नातं फार जुनं आहे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे, तिच्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं होतं. माणसाने शेती सुरू केली, धान्य साठवलं, तेव्हा मांजर आपल्या पायांनी चालत त्याच्याकडे आलं, असं संशोधक मानतात. मनमाडसारख्या गावात, जिथे अन्न महामंडळाची भलीमोठी गोदामं आहेत, हे कुणाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पण वस्तीला लागतात एक-दोन मांजरं. येतात किती? एक घरची, दोन कुणी कुंपणाशी सोडलेली, एक कुठून आली माहीत नाही. आणि मग गुणाकार सुरू होतो. मांजरी साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. नऊ आठवड्यांत पिल्लं. एका वेताला तीन ते पाच. पहिली पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षातून दोन-तीन वेळा हे चक्र फिरतं. वर्षभरापूर्वी सोडलेल्या एका मादी पिल्लाची आज दहा-बारा मांजरं होऊ शकतात. मग त्या शेतकऱ्याच्या घरातही तोच संवाद होतो, ‘‘गाडी काढ, लांब सोडून ये.’’ गोणी पुढच्या गावाला जाते. कधी कधी तीच गोणी फिरून मनमाडलाच येत असेल, कुणी सांगावं!

थोडक्यात, ‘लांब’ नावाची जागा कुठेच नाही. आपलं लांब हे दुसऱ्या कुणाचं तरी अंगण असतं.

कायद्याला हे कळलेलं आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी विनाकारण सोडून देणं हा त्यानुसार गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड किती? दहा ते पन्नास रुपये. एका वडापावात सुटका! विष घालून प्राणी मारणं मात्र गंभीर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही पोलिसाच्या भीतीने हा प्रश्न सुटेल असं आम्हाला वाटत नाही. तो सुटेल घरात, गोणी हातात देणाऱ्या माणसाशी बोलून.

आपल्या लोकांना प्राण्यांची दयाच नाही, असंही म्हणता येत नाही. शेजारच्या नगर जिल्ह्यातली घटना आठवा. एप्रिल २०२४, नेवासा तालुक्यातलं वाकडी गाव. शेणाच्या गाळाचा खड्डा म्हणून वापरात असलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. एकामागून एक सहा जण उतरले. पाच जण गेले. वाचला तो एकच, कमरेला दोर बांधून उतरलेला.

एका मांजरासाठी पाच माणसं. या बातमीवर कुणी हळहळलं, कुणी ‘मांजरासाठी कशाला उतरायचं?’ म्हणालं. आम्हाला त्यात दुसरंच काही दिसतं. जीव ओतणारी माणसं आपल्याकडे आहेत, पण विहिरीवर झाकण नाही. शेवटच्या क्षणी उडी मारण्याइतकी दया आहे, पण आधी चार साध्या गोष्टी करून ठेवायची सवय नाही. शेणाच्या बंद खड्ड्यात विषारी वायू साठतो, प्राणवायू कमी असतो, दोन श्वासांत माणूस कोसळू शकतो. तिथे कधीही उतरायचं नाही. मांजरासाठी नाही आणि आधी उतरलेल्या माणसासाठीही नाही. वरून दोर, टोपली, शिडी सोडायची आणि अग्निशमन दलाला फोन करायचा. जुन्या विहिरीवर जाळी टाकायची. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यावरून पडलेल्या प्राण्याला वर चढता येत नाही. काठाला बांधून एक जाडसर जाळी पाण्यात सोडून ठेवली तर मांजरच काय, शेळीचं करडूही वाचू शकतं.

म्हणजे प्रश्न प्रेमाचा नाही, व्यवस्थेचा आहे. ती व्यवस्था कॉलेजातली पोरंपोरी लावू शकतात. कशी, ते बघू.

पहिलं काम, मोजणी. तुमच्या वस्तीवर, गल्लीत मांजरं नक्की किती? त्यात माद्या किती? आठवडाभर ठरावीक वेळी, ठरावीक जागी थोडं खायला ठेवा, सगळी आपोआप समोर येतात. ‘उपाशी मांजर उंदीर जास्त मारतं’ हा गैरसमज आहे. पोट भरलेलं मांजरही शिकार करतंच. उपाशी मांजर जागा सोडून निघून जातं किंवा कोंबडीच्या पिल्लांवर डोळा ठेवतं. निव्वळ दूध-भाकरीवर मात्र मांजर नीट जगत नाही, ते मांसाहारी आहे. कधीमधी अंडं, सुकट, मासळीचं डोकं द्या. कांदा, लसूण घातलेलं उरलंसुरलं कालवण देऊ नका. कांद्याच्या मुलखात हे सांगायला विचित्र वाटतं, पण कांद्याने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराला विषच. आणि चाळीत उंदराचं औषध टाकणार असाल तर लक्षात ठेवा, विष खाल्लेला उंदीर मांजरच खातं.

दुसरं आणि मुख्य काम, नसबंदी. आधी माद्यांची. बोके दहा असोत की एक, पिल्लं माद्यांनाच होणार. पाच-सहा महिन्यांच्या मादीचं ऑपरेशन सहज होतं. तेव्हाच रेबीजची लसही टोचून घ्यायची. आपल्याकडचे पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशींसाठी आहेत, त्यामुळे आधी जाऊन विचारा: इथे होईल का, नाही तर नाशिकला कुठे होईल, खर्च किती, उपाशी किती वेळ ठेवायचं. तीन वस्त्यांनी, पाच मित्रांनी मिळून एका मादीचा खर्च उचलला तर तो कुणा एकावर येत नाही. वाढदिवसाच्या केकमधला एक मजला कमी केला तरी चालेल.

न्यायचं कसं? गोणीत नाही. टोमॅटोचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून दोरीने घट्ट बांधा, आत जुनं कापड टाका. हवा लागते, मांजर निसटत नाही, गाडीवर मागे धरून बसता येतं. ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस आडोशाला ठेवा आणि मग तिला तिच्याच जागी परत सोडा. हे महत्त्वाचं आहे. ओळखीची जागा राखणारं मांजर बाहेरच्यांना सहसा टिकू देत नाही. सगळी उचलून नेलीत आणि खरकटं, उंदीर तसेच राहिले, तर काही महिन्यांत दुसरी मांजरं तिथे हजर. मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांनी भटक्या मांजरांच्या नसबंदीचं काम हाती घेतलं ते याच विचाराने. आपल्या नगरपालिकेकडेही तशी लेखी मागणी करा. पंचवीस विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज एका विद्यार्थ्याच्या तक्रारीपेक्षा नीट वाचला जातो. पण उत्तर येईपर्यंत वस्तीवरच्या एका मांजरीचं काम थांबवू नका.

तिसरं, सावधपणा. मांजरालाही रेबीज होऊ शकतो. चावलं, ओरखडलं तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. हळद-चुना लावत बसू नका. आणि एकटं पिल्लू दिसलं की लगेच उचलू नका. आई शिकारीला गेलेली असू शकते. लांबून दोन-चार तास लक्ष ठेवा, मग ठरवा.

आता तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेलच, ‘‘इथे माणसांना पाणी नाही आणि तुम्ही मांजरांचं घेऊन बसलात?’’ प्रश्न रास्त आहे. ज्या गावाने वागदर्डी धरणाच्या तळाकडे बघत, नळाला पाणी कधी येणार याचे दिवस मोजले, त्या गावाने असं विचारावंच. कांद्याचा भाव पडला की घरात काय वातावरण असतं, हेही तुम्हाला माहीत आहे. पण हिशेब नीट मांडा. आम्ही जास्त मांजरं पाळा असं म्हणत नाही, कमी मांजरं नीट ठेवा म्हणतो. वस्तीवर दोन मांजरं म्हणजे एक वाटी पाणी आणि घरातलं थोडं उरलेलं. बारा मांजरं म्हणजे दुधाची नासाडी, कोंबड्यांचं नुकसान, आजारपणं, आणि दर चार महिन्यांनी एक गोणी. गरिबालाच व्यवस्था जास्त परवडते, कारण त्याला नासाडी परवडत नाही.

घरात विरोध होईल. ‘‘मुक्या जिवाचं ऑपरेशन कशाला? पाप लागतं,’’ असं आजी म्हणेल. तिच्याशी वाद घालू नका, तिच्याच भाषेत विचारा: ‘‘आजी, आईपासून तोडून रानात उपाशी सोडलं तर त्याचं सोन्याचं मांजर कोण देणार काशीला?’’ ती लगेच हो म्हणणार नाही. पण तिच्याकडे उत्तर नसेल, आणि तिला ते माहीत असेल.

तर पुढच्या वेळी तुमच्या हातात गोणी येईल तेव्हा गाडीची चावी खिशात ठेवा. गोणी उघडा. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत आईजवळ राहू द्या. तेवढ्या दिवसांत ज्याच्या चाळीला खरंच मांजर हवंय असा एखादा शेतकरी शोधा, त्याला विचारून, सांगून पिल्लू द्या, आणि मोठं झालं की ऑपरेशन करायचं हेही कबूल करून घ्या. मग त्या आईला क्रेटमध्ये घालून दवाखान्यात न्या. गाडी तेव्हा काढा.