डाग कागदावरचा की भिंतीवरचा?

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाची स्मृती ज्या घटनेशी जोडलेली आहे, तिचे एकही छायाचित्र उपलब्ध नाही. जून १८५७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात असंतोष उफाळला, पुण्याहून निघालेल्या जनरल वुडबर्नच्या फौजेने तो मोडून काढला, आणि पकडलेल्या शिपायांपैकी काहींना गोळ्या घालण्यात आल्या, तर काहींना तोफेच्या तोंडी देण्यात आले. काळा चबुतरा या नावाने ती आठवण शहरात टिकून आहे. छायाचित्र नसलेल्या या प्रसंगाचे ‘जुने छायाचित्र’ आज मात्र कोणालाही संगणकाकडून काही सेकंदांत मिळू शकते, आणि त्यावर पिवळट कडा, मधोमध घडीची रेघ व बुरशीचे ठिपकेही मागणीनुसार उमटवता येतात. खराब झालेले जुने छायाचित्र संगणकावर दुरुस्त करण्याची विद्या आणि कधी न काढलेले छायाचित्र बनवण्याची विद्या यांची हत्यारे आता एकच झाली असल्यामुळे, पहिली शिकवताना काय शिकवावे हा प्रश्न केवळ तंत्राचा उरलेला नाही.

या दुरुस्तीचे शिक्षण सध्या बहुधा उलट्या टोकाकडून सुरू होते. शिकणाऱ्याला प्रथम शिकवले जाते ते पुसणे. शेजारचा स्वच्छ भाग उचलून डागावर बसवणारे क्लोन स्टॅम्प आणि २००२ मध्ये फोटोशॉपमध्ये आलेला, आजूबाजूचा पोत व प्रकाश जुळवून घेणारा हीलिंग ब्रश ही दोन साधने हाती आली, की ओरखडे दिसेनासे होतात आणि काम जमले असे वाटू लागते. वास्तविक पुसण्यापूर्वीचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि तो या शहरातल्या एका इमारतीच्या, बीबी का मकबऱ्याच्या, आधारे उत्तम समजावता येतो.

लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते, आणि बीबी का मकबरा, दौलताबाद व वेरूळ यांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे मराठवाड्याच्या दृश्य इतिहासाचा पाया मानली जातात. त्या काळातील प्रिंट बहुधा अल्ब्युमेन पद्धतीचे, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर काढलेले असत. हा थर काळानुसार पिवळा पडतो, उजळ भागातील बारकावे विरत जातात, आणि दमट हवेत कागदावर तपकिरी ठिपके उमटतात. आता मकबऱ्याची रचना लक्षात घेतली पाहिजे. ताजमहालासारखा तो संपूर्ण संगमरवरी नाही. खालचा भाग व घुमट वगळता बरेचसे बांधकाम चुन्याच्या गिलाव्याचे आहे, आणि गिलावा पावसापाण्याने काळवंडतो, फुगतो, गळून पडतो. त्यामुळे मकबऱ्याच्या जुन्या प्रिंटवर मिनाराच्या अंगावर एक काळपट डाग दिसला, तर तो कागदावरचा की भिंतीवरचा, हे ठरवल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. कागदावरचा असेल तर तो गेलेला बरा. भिंतीवरचा असेल तर तोच पुरातत्त्वाचा पुरावा आहे, कारण गिलावा कोणत्या काळी कोठे ढासळला होता हे सांगणारा दुसरा साक्षीदार बहुधा नसतो.

हे ठरवण्याची एक जुनी, संगणकाशिवायची रीत आहे. एकाच निगेटिव्हवरून काढलेले दोन प्रिंट शेजारी ठेवले, आणि डाग एकावर असून दुसऱ्यावर नसला, तर तो त्या कागदाचा. दोन्हींवर त्याच जागी असला, तर तो एक तर निगेटिव्हच्या काचेवरचा किंवा प्रत्यक्ष वास्तूवरचा. आणि त्याच सुमारास दुसऱ्या निगेटिव्हवर घेतलेल्या चित्रातही तो दिसला, तर तो वास्तूचाच. दुसरा प्रिंट हाताशी नसेल, तेव्हा डागाची चाल पाहावी लागते. बुरशीला यथार्थदर्शन कळत नसल्यामुळे ती मिनाराची कड ओलांडून आकाशात शिरते, गिलाव्याची पडझड मात्र भिंतीच्या वळणाने आणि उताराने जाते. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे दीनदयाळांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह आहेत. कोणत्याही प्रिंटला हात लावण्याआधी अशा संग्रहांत ताडून पाहण्याची सवय शिकणाऱ्याला लागली पाहिजे. आणखी एक गोष्ट सहज हातून निसटते. दीनदयाळांच्या प्रिंटवर खालच्या कोपऱ्यात दिसणारे क्रमांक, शीर्षक व सही ही पुष्कळदा निगेटिव्हवरच लिहिलेली असतात, आणि ओरखडे आपोआप शोधून पुसणाऱ्या आज्ञावलीला सही व ओरखडा यांतला फरक कळेलच असे नाही. जुन्या स्टुडिओंत निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने चेहरे उजळले जात, त्या रेघाही खरवडल्यासारख्याच दिसतात. पण त्या रेघा त्या काळच्या कारागिराच्या हाताच्या आहेत आणि त्या पुसणे म्हणजे इतिहासाचा एक थर काढून टाकणे होय.

प्रत्यक्ष कामात स्कॅनिंगला दुरुस्तीहून अधिक महत्त्व आहे. प्रिंट कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच घ्यावा, इंचाला किमान ६०० बिंदू इतक्या सूक्ष्मतेने घ्यावा, आणि शक्य असल्यास १६ बिटांत घ्यावा, म्हणजे प्रत्येक रंगवाहिनीत २५६ ऐवजी ६५,५३६ छटा नोंदल्या जातात आणि फिकट भागातले उरलेसुरले तपशील ओढून काढण्यास वाव राहतो. रंगीत स्कॅनचे कारण साधे आहे. पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो आणि तांबडा परत पाठवतो, त्यामुळे स्कॅनच्या निळ्या वाहिनीत जो डाग काळाकुट्ट दिसतो, तो तांबड्या वाहिनीत जवळजवळ नाहीसा होतो. अशा वेळी केवळ तांबडी वाहिनी निवडली, की एकही ठिपका न पुसता, एकही बिंदू कल्पनेने न भरता, चित्र स्वच्छ होते. दुरुस्तीचा याहून प्रामाणिक प्रकार दुसरा नाही, आणि आश्चर्य असे की तो सर्वात कमी शिकवला जातो.

प्रामाणिक दुरुस्तीचे दुसरे उदाहरण अजिंठ्याने दिले आहे. १८४४ पासून तेथील चित्रांच्या नकला करणाऱ्या रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची बहुतेक तैलचित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाली. मात्र उत्तरायुष्यात तो छायाचित्रणाकडे वळला होता, आणि लेण्यांची त्याने घेतलेली चित्रे १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली होती. त्यांतील पुष्कळशी स्टिरिओ जोड्यांची आहेत, म्हणजे दोन डोळ्यांच्या अंतराने दोन भिंगांतून घेतलेली दोन चित्रे शेजारी ठेवलेली असून ती विशिष्ट उपकरणातून पाहिली की खोली दिसते. अशा जोडीतल्या डाव्या चित्राचा कोपरा फाटला असेल, तर तोच खांब किंचित सरकलेल्या जागी उजव्या चित्रात सापडतो आणि उणीव कल्पनेने नव्हे, पुराव्याने भरता येते.

अजिंठ्याचा संबंध येथेच संपत नाही. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अजिंठ्याच्या चित्रांची छायाचित्रे घेऊन त्यांतील नष्ट झालेले भाग संगणकावर भरण्याचे काम दीर्घकाळ चालवले आहे, आणि अशा कामाला आधार कशाचा, तर गिल, त्याच्यानंतर अजिंठ्याच्या नकला करणारे ग्रिफिथ्स आणि पुढे हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी यांच्या काळातील नकला व छायाचित्रांचा. म्हणजे जुने छायाचित्र हे स्वतःच पुढच्या प्रत्येक पुनर्रचनेतील साक्षीदार आहे. त्या साक्षीदाराच्या तोंडी कोणी आधीच शब्द घातले, तर पुढचा अभ्यासक प्रामाणिक असूनही खोटेच सिद्ध करील. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या भिंतींवर जपणुकीसाठी दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडून चित्रांवरच आवरण होऊन बसला, आणि तो काढण्याचे काम पुरातत्त्व खात्याला दीर्घकाळ पुरले. संगणकावरील लेप तरी परत काढता येतो, पण मूळ स्कॅन न बदलता वेगळा ठेवला असेल तरच.

चेहऱ्यांच्या बाबतीत या स्तंभाचे मत कठोर आहे. जीएफपीगॅनसारख्या चेहरे सुधारणाऱ्या आज्ञावल्या फ्लिकर या संकेतस्थळावरून गोळा केलेल्या ७०,००० चेहऱ्यांवर घडवल्या गेल्या आहेत. अस्पष्ट चेहरा त्यांच्यापुढे ठेवला की त्या हरवलेला तपशील शोधत नाहीत, तर त्या जागी कोणता डोळा, कोणती पापणी संभाव्य आहे हे ठरवून ती नव्याने रंगवतात. परिणामी मराठवाडा मुक्तिसंग्रामातील एखाद्या कार्यकर्त्याच्या धूसर चेहऱ्यावर गुळगुळीत कातडी आणि आजच्या मोबाइलमधली चमकदार नजर येते, आणि पाहणाऱ्यांना तो ‘स्पष्ट झालेला’ वाटतो. घरातल्या भिंतीसाठी कोणी असे करून घेतले, तर त्यात बोलण्यासारखे काही नाही. सतरा सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या प्रदर्शनात किंवा पाठ्यपुस्तकात तेच चित्र लावणे ही वेगळी गोष्ट आहे. २०२१ मध्ये व्हाइस या माध्यमसमूहाने कंबोडियातील तुओल स्लेंग तुरुंगात मारल्या गेलेल्या कैद्यांची रंगवलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा काहींच्या ओठांवर मूळ चित्रात नसलेले हसू उमटवलेले आढळले, त्या देशाच्या सांस्कृतिक मंत्रालयाने निषेध केला आणि लेख मागे घ्यावा लागला.

रंग भरण्याची चूक अधिक सभ्य दिसते, म्हणून ती अधिक पसरते. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक काचेच्या निगेटिव्ह निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यामुळे निरभ्र आकाश कोरे पांढरे उमटे, आणि भगवे किंवा तांबडे वस्त्र काळपट. अशा चित्रातील कोऱ्या आकाशात ढग घालणारा आणि काळपट पताका हिरवी किंवा काळी रंगवणारा कारागीर, दोघेही छायाचित्राला कधी न दिसलेले सांगत असतात. पुढच्या काळातील फिल्म सर्व रंग नोंदवत असली, तरी निळा आणि तपकिरी कोट करड्या छटेत सारखेच दिसू शकतात. म्हणून १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला बसली, त्या काळच्या एखाद्या कृष्णधवल चित्रातील बाबासाहेबांच्या कोटाला निळा रंग दिला, तर तो चळवळीच्या श्रद्धेतून आलेला असतो, छायाचित्रातून नव्हे. पुतळ्याला आणि भित्तिचित्राला तो रंग खुशाल शोभतो. छायाचित्राखाली मात्र ‘रंग संगणकावर भरले आहेत’ एवढी ओळ छापायला किती जागा लागते?

या साऱ्या चर्चेत एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. दीनदयाळांचे प्रिंट संग्रहालयांत बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. आज सर्वात वेगाने नष्ट होणारी छायाचित्रे १९७० आणि १९८० च्या दशकांतील रंगीत प्रिंट आहेत. त्यांतील निळसर रंगद्रव्य अंधारातही विरत जाते आणि चित्र लालसर होत जाते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा विधिमंडळातील ठराव जुलै १९७८ मधील, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. या दोहोंमधल्या काळातील मोर्चे, सभा आणि २०२२ मध्ये शिवाजी महाराजांचा नवा भव्य पुतळा उभा राहण्यापूर्वीचा क्रांती चौक हे सारे ज्या घरगुती अल्बमांत आहे, त्यांची पाने चिकट डिंकाची आणि वर प्लास्टिकचा पडदा असलेली आहेत. शिकाऊ हातांनी सुरुवात येथून करावी. विरलेले रंगद्रव्य पूर्ण गेलेले नसेल, तर रंगवाहिन्यांचा तोल साधून मूळ रंग पुष्कळसे परत आणता येतात आणि त्यात काहीच नव्याने रंगवावे लागत नाही. डिंकाला चिकटलेला प्रिंट ओढून काढू नये. पडदा अलगद उचलता आला तर उचलून, नाही तर त्याच्यासकट, आख्खे पान स्कॅनरवर ठेवावे, आणि पानावर पेनाने लिहिलेली नावे व तारीख कापली जाणार नाही एवढी कड राखावी.