विश्लेषण : लूर्दच्या मुलीला नेमके काय दिसले? ‘द साँग ऑफ बर्नाडेट’ नास्तिकांनीही का पाहावा?

फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या लूर्द गावात ११ फेब्रुवारी १८५८ रोजी १४ वर्षांची बर्नाडेट सुबिरू सरपण गोळा करायला गेली. नदीकाठच्या गुहेत एक तरुण स्त्री दिसल्याचे तिने सांगितले. सोबतच्या दोघींना काहीच दिसले नव्हते. या घटनेवर हॉलीवूडने १९४३ मध्ये काढलेला ‘द साँग ऑफ बर्नाडेट’ हा ‘भक्तिपट’ म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात त्याचा सर्वात सरस भाग दर्शनाचा नाही, चौकशीचा आहे.

चित्रपटामागची कथा काय?

चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला आहे, तिचा लेखक फ्रांझ वेर्फेल ज्यू होता. १९४० मध्ये नाझींपासून पळताना त्याला काही आठवडे लूर्दमध्ये आसरा मिळाला. यातून सुटलो तर बर्नाडेटची कथा लिहीन, असा नवस त्याने केला. पायी पिरेनीज ओलांडून तो स्पेनमार्गे अमेरिकेत पोहोचला आणि नवस फेडला. हेन्री किंग यांच्या दिग्दर्शनाखाली बनलेल्या चित्रपटाला ऑस्करची १२ नामांकने आणि चार पुरस्कार मिळाले. तोवर फारशी कुणाला माहीत नसलेली जेनिफर जोन्स सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मात्र ‘कॅसाब्लांका’ने पटकावला.

खरी बर्नाडेट कोण होती?

दिवाळे निघालेल्या गिरणीवाल्याची थोरली मुलगी. सहा जणांचे कुटुंब एकेकाळी तुरुंग असलेल्या एका खोलीत राहत होते. तिला दम्याचा त्रास होता, लिहिता-वाचता येत नव्हते आणि ती फ्रेंच नव्हे, तर तिथली बोली बोलायची. महत्त्वाचे म्हणजे ‘मला मेरी माता दिसली’ असे ती सुरुवातीला म्हणालीच नाही. त्या आकृतीला ती बोलीभाषेत फक्त ‘ते’ म्हणायची. नाव लोकांनी दिले. २५ मार्चला मात्र त्या स्त्रीने आपण ‘निष्कलंक गर्भसंभव’ असल्याचे सांगितल्याचा निरोप घेऊन ती धर्मगुरू पेरामाल यांच्याकडे गेली. मेरी स्वतः आदिपापाशिवाय गर्भात आली, असा हा सिद्धांत. पोपने तो चारच वर्षांपूर्वी, १८५४ मध्ये जाहीर केला होता. या शब्दांचा अर्थही त्या मुलीला ठाऊक नव्हता.

चौकशीत काय झाले?

पोलीस अधिकारी झाकोमे यांनी तिचा जबाब वाचून दाखवताना मुद्दाम तपशील बदलले. तिने प्रत्येक वेळी दुरुस्ती केली. डॉक्टरांनी तपासले, डांबून ठेवावे असा आजार सापडला नाही. लोकांनी देऊ केलेले पैसे घरच्यांनी घेतले नाहीत. २५ फेब्रुवारीला तिने गुहेत माती उकरून गढूळ पाणी तोंडाला लावले, गवत खाल्ले. तेव्हा जमलेल्या गर्दीलाही ती वेडी वाटली. त्याच जागी पुढे झरा वाहू लागला. जूनमध्ये प्रशासनाने गुहेला कुंपण घातले. म्हणून १६ जुलैचे अठरावे आणि शेवटचे दर्शन तिने नदीच्या पलीकडच्या काठावरून घेतले.

चित्रपटातही हीच दृश्ये धरून ठेवतात. सरकारी वकील झालेला व्हिन्सेंट प्राइस खलनायक वाटत नाही. गावात अफवा आणि गर्दी वाढत असताना जबाबदार अधिकारी जे करील, तेच तो करतो. शंका घेणाऱ्यांना मूर्ख न ठरवणारे भक्तिपट फार थोडे असतात.

मग चित्रपट चुकतो कुठे?

ती स्त्री पडद्यावर दाखवण्यात. ही भूमिका लिंडा डार्नेल या लोकप्रिय नटीने केली, पण श्रेयनामावलीत तिचे नाव नव्हते. प्रेक्षकाला ती दिसली, की प्रश्नच मिटतो. पोलीस, वकील, डॉक्टर आपोआप चुकीचे ठरतात. लूर्दच्या एकाही रहिवाशाला ही सोय नव्हती. त्यांच्यापुढे होती फक्त एक मुलगी आणि तिचा शब्द. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरच राहिला असता, तर प्रेक्षकालाही तोच निर्णय घ्यावा लागला असता. जेनिफर जोन्सच्या चेहऱ्यात ती ताकद होती.

शेवटही असाच गोड केला आहे. पडद्यावर मृत्युशय्येवरील बर्नाडेटला ती स्त्री पुन्हा दिसते. इतिहासात १६ जुलै १८५८ नंतर दर्शनाची नोंद नाही. नेव्हेरच्या मठात आजाराशी झगडत, पुन्हा काहीही न दिसता ती १८७९ मध्ये वयाच्या ३५व्या वर्षी गेली. ही गोष्ट चित्रपटातल्यापेक्षा कठीण आणि अधिक मोठी आहे.

चर्चने लगेच विश्वास ठेवला का?

नाही. बिशपच्या आयोगाने चौकशी करून १८६२ मध्ये दर्शने ग्राह्य धरली. संतपद मिळायला १९३३ उजाडले. रोगमुक्तीचे दावे तपासण्यासाठी लूर्दमध्ये १८८३ पासून वैद्यकीय कक्ष आहे. हजारो दाव्यांपैकी चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेली प्रकरणे सत्तरच्या थोडी वर आहेत. ही मान्यता म्हणजे वैज्ञानिक पुरावा नव्हे. पण बहुतेक दाव्यांना ‘सिद्ध नाही’ म्हणण्याची शिस्त त्यात आहे.

आज त्याचे काय?

आज गुहेतल्या दर्शनाचा व्हिडीओ संध्याकाळपर्यंत देशभर फिरला असता आणि रात्री दोन गट पडले असते. एकाने मुलीला देवी केले असते, दुसऱ्याने ढोंगी. तिला नीट प्रश्न विचारायला दोघांनाही वेळ नसता. तिला काय दिसले, हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही. पण गरीब, निरक्षर मुलीचा जबाब कसा घ्यायचा, तिच्यावर विश्वास न ठेवताही तिचे म्हणणे पूर्ण कसे ऐकायचे, हे नास्तिक प्रेक्षकालाही या चित्रपटातून घेता येते. अडीच तासांहून लांब असलेला हा जुना कृष्णधवल चित्रपट तेवढ्यासाठी पाहावा.