अर्धीच सांगितलेली गोष्ट

तालमूदमधली अखनाईच्या तनूरची (हो, आपल्या तंदूरचा भाऊबंदच!) गोष्ट 'देव हसला' इथे संपवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. म्हणजे जवळजवळ सगळ्यांशीच.

तनूर शुद्ध, असं म्हणणारे रब्बी एलिएझर एकटे, बाकी सगळे विरुद्ध. त्यांच्या शब्दाखातर झाड उपटून लांब जातं, ओढा उलटा वाहतो, आकाशवाणीही होते. रब्बी यहोशुआ बजावतात, तोरा आता आकाशात नाही, इथे बहुमत चालतं. देव हसतो. टाळ्या! बुद्धीचा विजय वगैरे.

अहो, पण पुढे वाचा की. एलिएझरांना बहिष्कृत करतात. ते सांगायला अकिवा काळे कपडे घालून जातात, चार हात लांब बसतात. एलिएझर जमिनीवर बसून रडतात. पत्नी इम्मा शालोम त्यांना पालथं पडून प्रार्थना करू देत नाही, कारण बहिष्कारामागचे प्रमुख गमलिएल तिचे भाऊ. एके दिवशी तिची नजर चुकते, आणि भाऊ जातो.

'यातून कायदा काढा, इतिहास काढा, साहित्य कशाला?' म्हणणाऱ्यांना हे दिसतच नाही. बावा मेत्सियात ही गोष्ट येते ती शब्दांनी माणूस दुखावण्याच्या चर्चेत. जेफ्री रुबेनस्टाइन यांनी १९९९च्या पुस्तकात हाच धागा धरलाय. गोष्ट कुठे ठेवलीय ते पाहणं, ती शेवटपर्यंत वाचणं, हेच साहित्यिक वाचन. नटवेपणा कसला त्यात? बहुमताचा हक्क गोष्टीला मान्यच आहे. तरी ती संपते घरात, इम्मा शालोमपाशी.