काळा रंग कुणाच्या मर्जीने? उतारवयातील स्त्री आणि गॉथ वेष

इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या किनाऱ्यावर व्हिटबी नावाचे एक लहान बंदर आहे. कड्याच्या माथ्यावर मठाचे भग्नावशेष, जवळच सेंट मेरीचे जुने चर्च, आणि खालच्या गावातून तिथवर नेणाऱ्या १९९ पायऱ्या. १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत ब्रॅम स्टोकरने आपल्या रक्तपिपासू सरदाराला इंग्लंडच्या भूमीवर उतरवले ते याच ठिकाणी. १९९४ पासून येथे गॉथ मंडळींचा मेळा भरू लागला. पायघोळ मखमली झगा दोन्ही हातांनी सावरत, मध्येच थांबून दम खात त्या पायऱ्या चढणाऱ्यांत साठी ओलांडलेल्या स्त्रियाही असतात. त्यांना पाहून बघ्यांच्या मनात प्रश्न उमटतो : या वयात हे काय?

हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे, कारण इतिहासाच्या बाजूने पाहिले तर तो प्रश्नच उलटा ठरतो.

आधी साधा हिशेब. गॉथ ही पंकनंतरच्या ब्रिटिश संगीतातून फुटलेली शाखा. बाउहाउस या वाद्यवृंदाचे नऊ मिनिटांहून लांब गाणे, 'बेला लुगोसीज डेड', १९७९ चे. लंडनच्या सोहो भागातला 'बॅटकेव्ह' क्लब १९८२ चा. काळी लेस, मखमल, कॉर्सेट, चांदीचे दागिने, पांढराफटक चेहरा आणि डोळ्यांभोवती दाट काजळ ही ठेवण त्याच सुमारास रूढ झाली. डोळे रंगवण्याची जिची धाटणी असंख्य मुलींनी उचलली, त्या गायिका सूझी सू यांचा जन्म १९५७ चा. बॅटकेव्हच्या दाराशी विशीत उभी असलेली मुलगी आज साठीच्या पुढे आहे. 'ही बाई तरुणांची नक्कल करते' असे म्हणणे म्हणजे साऱ्या गावाला पाणी देणारी विहीर जिने खणली, तिच्यावरच पाणी चोरल्याचा आळ घेणे होय.

हा हिशेब पुरेसा वाटेल, पण तो अर्धाच आहे. तो काळा कपडा बॅटकेव्हहून पुष्कळ जुना आहे, आणि मुळात तो तरुणींचा नव्हताच.

१४ डिसेंबर १८६१ रोजी प्रिन्स अल्बर्ट वारला. राणी व्हिक्टोरिया तेव्हा ४२ वर्षांची होती. २२ जानेवारी १९०१ रोजी ती स्वतः गेली, तोवर जवळजवळ चाळीस वर्षे तिने काळा वेष सोडला नाही. राणीने ही रीत निर्माण केली असे मात्र नव्हे. तिने तिला राजमान्यता आणि मुदतवाढ दिली. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर 'जेज' हे केवळ शोकवस्त्रांचे भव्य दुकान १८४१ मध्येच उघडले होते. विधवेने काय ल्यावे याचे नियम शिष्टाचाराच्या पुस्तकांत छापलेले असत. पहिले वर्ष आणि वर एक दिवस क्रेपने मढवलेला पूर्ण काळा पोशाख. मग क्रेप हळूहळू कमी. मग राखी, फिका जांभळा. सगळे मिळून सुमारे अडीच वर्षे. विधुराला मात्र काही महिन्यांत मोकळीक, आणि तेवढ्यातही काळा कोट, दंडाला पट्टी इतक्यावर भागे.

क्रेप हे मुद्दाम चमक मारलेले, चुण्यांचे, खरखरीत रेशीम. पावसात भिजले की त्याचा रंग उतरून अंगाला लागे. एसेक्समधील कोर्टोल्ड घराण्याने याच कापडावर अमाप पैसा मिळवला, आणि त्यांच्या गिरण्यांत राबणाऱ्या बहुसंख्य होत्या स्त्रिया आणि मुली. एकीचे वैधव्य ही दुसरीची मजुरी. नवऱ्यामागे पुन्हा लग्न न केलेल्या अनेक वयस्क स्त्रिया तर मुदत संपल्यावरही काळ्यातून बाहेर आल्याच नाहीत.

या वेषावर दागिना शोभे तो जेटचा. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे लाकूड गाडले जाऊन झालेला हा काळाभोर, हलका, घासल्यावर लखलखणारा पदार्थ. आणि त्याचे सर्वांत नावाजलेले ठिकाण म्हणजे व्हिटबीचेच कडे. व्हिक्टोरियन काळात या गावातील कारागीर देशभरच्या विधवांसाठी हार आणि पदके कोरत बसलेले असत. आजची साठीची गॉथ स्त्री व्हिटबीच्या दुकानात जेटची अंगठी बोटात घालून पाहते, तेव्हा त्या दागिन्याच्या मूळ गिऱ्हाइकाचे वय आणि तिचे वय फारसे वेगळे नसते. गॉथ वेषातील लेस, जाळीचा पडदा, काळे हातमोजे यांचा मोठा वाटा याच शोकवेषातून, आणि पुष्कळदा जुन्या भयपटांच्या वाटेने आला आहे.

म्हणजे प्रौढ स्त्रीने नखशिखान्त काळे ल्यावे, ही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात चेष्टेची गोष्ट नव्हती. ते तिचे कर्तव्य होते. मग आज खटकते ते काय? रंग तोच, वय तेच. बदलले आहे इतकेच, की तिला ते नेसायला कोणी सांगितलेले नाही.

मराठी वाचकाला हा मुद्दा समजायला लंडनपर्यंत जावे लागू नये. आपल्याकडे काळा हा शोकाचा रंग नाही. संक्रांतीची काळी चंद्रकळा सवाशिणीची, मंगळसूत्राचे मणी काळे. वैधव्याची खूण होती केशवपन आणि अंगावरचे आलवण. रंग वेगळे, पण नियमाचा गाभा एकच : बाईच्या अंगावर कोणते वस्त्र असावे हे नवरा जिवंत आहे की नाही यावरून ठरायचे. 'बुढी घोडी, लाल लगाम' ही हिंदीतून आपल्या बोलण्यात आलेली म्हण भडक रंगाला हसते असे वाटते. व्हिटबीच्या पायऱ्यांवर लगाम काळा आहे, तरी हसू तेच. हसण्याचे कारण लगामाच्या रंगात नसावे.

या वेषाविरुद्धचा एक आक्षेप मात्र विचारात घेण्याजोगा आहे. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधील मिस हॅविशॅम पुष्कळांना आठवेल. लग्न मोडले त्या क्षणी घरातली घड्याळे थांबवून, पिवळा पडलेला लग्नाचा पोशाख अंगावर तसाच ठेवून म्हातारी झालेली ही स्त्री. आक्षेप असा, की साठीतील गॉथ स्त्रीही तशीच विशीत अडकलेली. समाजशास्त्रज्ञ पॉल हॉडकिन्सन यांनी गॉथ मंडळींत स्वतः वावरून २००२ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला, आणि पुढे २०११ मध्ये त्याच मंडळींच्या वाढत्या वयावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसते ते थांबलेले घड्याळ नव्हे. नोकरी, मुले, बदलते शरीर यांच्याशी जुळवून घेत लोक वेषाची धार कमी-जास्त करतात. आणि ही माणसे एकेकटी नव्हे, एकमेकांच्या सोबतीने वयस्क होतात. मिस हॅविशॅमला मैत्रिणी नव्हत्या, हा फरक लहान नाही.

उलट, दोष द्यायचाच तर तो गॉथ कल्पनाविश्वाला द्यावा. या विश्वाची आदर्श स्त्री फिकी, सडपातळ आणि कधीच वय न वाढणारी. खुद्द ड्रॅक्युला कादंबरीच्या आरंभी पांढऱ्या केसांचा म्हातारा आहे, आणि रक्त मिळत जाते तसतसा तो तरुण होतो. मृत्यूशी एवढी सलगी करणाऱ्या पंथाला सुरकुतीची भीती वाटावी, हा विनोद त्यातल्या कित्येकांच्या ध्यानात आलेला नाही.

आणि हे सगळे केवळ आवडीनिवडीचे प्रकरण आहे असेही नाही. ऑगस्ट २००७ मध्ये लँकेशरमधील बेकप गावच्या बागेत सोफी लँकेस्टर या २० वर्षांच्या तरुणीवर आणि तिच्या मित्रावर काही मुलांनी हल्ला केला. दोघांचा वेष गॉथ होता, एवढेच निमित्त. मित्र वाचला, सोफी गेली. २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा वेषामुळे होणारे हल्ले द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंदवायला सुरुवात केली. सोफी जगती तर आज चाळिशीच्या आसपास असती, आणि तिलाही कोणीतरी विचारलेच असते, की आता हे बस नाही का झाले. ज्यांना विचारले जाते त्या स्त्रिया त्या काळापासून रस्त्यावरची शेरेबाजी ऐकत आल्या आहेत. त्यांना ही हौस नवखेपणाने लागलेली नाही.

२०२३ मध्ये सूझी सू दहा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना ६६ वे वर्ष लागलेले होते. व्हिटबीतल्या त्यांच्या वयाच्या स्त्रियांनी आपल्यापुरत्या तडजोडी केल्या आहेत. आवळलेल्या कॉर्सेटच्या जागी सैल मखमल, उंच टाचांच्या जागी सपाट बूट, कारण पायऱ्या शेवटी १९९ आहेत. पूर्वी केस काळेभोर रंगवण्यात संध्याकाळ जाई. आता पांढरे तसेच मोकळे सोडणाऱ्याही आहेत. काळ्या कापडावर चांदी तर या वेषात पहिल्यापासूनच होती.